आजोबांच्या डब्यातली जुनी नाणी दिवाळीआधी घासून ठेवावीत का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पंचवटीतल्या जुन्या घराची आवराआवर करताना आजोबांचा पत्र्याचा बिस्किटांचा डबा सापडला. आजोबा सटाण्याकडे शाळामास्तर होते. डब्यात सतरा नाणी निघाली. काही चांदीची, काही हिरवी पडलेली तांब्याची, तीन करड्या रंगाची आणि हाताला जड. प्रत्येक नाणं कागदाच्या पुडीत, आणि पुडीवर मोडी लिपीत काहीतरी खरडलेलं. सोबत नाण्यांची यादीही पाठवली आहे. त्यातलं तांब्याचं एक नाणं चिंचेने घासलं तर लख्ख निघालं. सराफ बाजारातले एक ओळखीचे ते पाहून म्हणाले, "कशाला हो घासलंत?" आईचं म्हणणं असं की लक्ष्मीपूजनाला काळी-हिरवी नाणी पाटावर कशी मांडायची? तर नाणी साफ करावीत का, करायची तर कशाने, आणि घरचीच नाणी घासण्यात चूक ती काय? शिवाय पुड्यांचे कागद जीर्ण झालेत, ते टाकून दिले तर चालतील का?

आधी उत्तर देऊन टाकतो. उरलेल्या सोळा नाण्यांना हात लावू नका. चिंच नको, लिंबू नको, टूथपेस्ट नको, रांगोळी नको, भांडी घासायची पावडर तर नकोच नको. आणि पुड्या टाकल्या नसतील तर कृपा करून टाकू नका. त्यांच्याबद्दल शेवटी लिहितो.

गेली सव्वीस वर्षं मी नाशकात नाण्यांची निगा राखायचं काम करतो. बहुतेक काम संग्राहकांचं असतं. "साफ करून द्या" म्हणून येणाऱ्या दहातल्या सात जणांना मी नाणं तसंच परत देतो. त्यातले निम्मे रागावून जातात. म्हणून कारण जरा सविस्तर सांगतो.

नाशिकच्या माणसाशी नाण्यांचं बोलायचं तर सुरुवात जोगलटेंभीपासून करावी लागते. सिन्नर तालुक्यात दारणा जिथे गोदावरीला मिळते तिथलं हे गाव. १९०६ मध्ये तिथे चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, सुमारे १३,२५० नाण्यांचा. सगळी नाणी क्षहरात कुळातल्या नहपान या क्षत्रपाची, म्हणजे शक राजाची. पुढच्या बाजूला राजाचा चेहरा आणि कडेने ग्रीक अक्षरं, मागे बाण आणि वज्र, आणि ब्राह्मी व खरोष्ठी अशा दोन लिप्यांमध्ये नाव. पण त्यातल्या ९,२७० नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा वरून मारलेला आहे. एका बाजूला तीन कमानींचा डोंगर, दुसऱ्या बाजूला चार वर्तुळांचं उज्जैन चिन्ह. सातवाहनाने क्षत्रपाला हरवलं, त्याचा पैसा ताब्यात घेतला आणि न वितळवता त्यावर आपलं नाव उमटवून तोच बाजारात चालवला. हे त्या ठशांमुळे हातात घेऊन बघता येतं. पांडवलेण्यातल्या शिलालेखात गौतमीपुत्राची आई बलश्री आपल्या मुलाने क्षहरातांचं कूळ निखंदून काढलं असं सांगते. नाणी तेच सांगतात, फक्त दोन ग्रॅम चांदीत.

आता अशा ठसा मारलेल्या एका नाण्याकडे दहापट भिंगातून बघा. डोंगराच्या डावीकडच्या कमानीखाली नहपानाचं नाक दिसतं. कमानीच्या रेषेने ते अर्धं कापलंय. उजवीकडे काठाला तीन-चार ग्रीक अक्षरांचे फक्त वरचे टोक शिल्लक आहेत, आणि त्यांच्या खाचेत काळा थर बसलाय. त्या काळ्या थरामुळेच ती अक्षरं डोळ्याला दिसतात. पार्श्वभूमी उजळ, खाच काळी, म्हणून अक्षर वाचता येतं. हे नाणं कोणी पेस्ट लावून दहा मिनिटं घासलं तर आधी काय जाईल? खाचेतला काळा थर. मग नाकाचा उंचवटा, कारण तोच सगळ्यात वर आहे. नंतर काठावरची अक्षरं, कारण बोट काठावरच जास्त दाबलं जातं. सातवाहनाचा डोंगर खोल ठोकलेला असतो, तो टिकेल. खालचा नहपान मात्र पुसला जाईल. म्हणजे नाणं चमकेल, आणि ते पुनर्मुद्रित आहे हे सांगणारा पुरावा उरणार नाही. या साठ्यातले नहपानाचे चेहरेसुद्धा एकमेकांशी जुळत नाहीत, कुठे तरुण, कुठे गाल बसलेला म्हातारा. एकाच राजाचे इतके वेगळे चेहरे का, यावर अभ्यासकांनी पानंच्या पानं लिहिली आहेत. तो सगळा वाद गालाच्या आणि नाकाच्या त्या जराशा उठावावर उभा आहे.

तुमच्या यादीतल्या एका नाण्यावर माझी नजर अडकली आहे. तुम्ही लिहिलंय, "लहान चांदीचं, एकीकडे माणसाचा चेहरा, मागे बसलेला बैल, खूप झिजलेलं." आजोबा सटाण्याकडचे. सटाण्याच्याच बागलाण तालुक्यातल्या देवळाणे गावी कलचुरी राजा कृष्णराजाची चांदीची नाणी पूर्वी सापडलेली आहेत, आणि त्यांवर हेच असतं, चेहरा आणि बसलेला नंदी. नाणं हातात घेतल्याशिवाय मी शपथेवर सांगणार नाही, पण तसं असेल तर त्याची झीज हीच मोठी गोष्ट आहे. कृष्णराज सहाव्या शतकातला. आपल्या अंजनेरीला मिळालेले इथल्या भोगशक्ती राजाचे ताम्रपट इ.स. ७१० चे, आणि त्यांत कृष्णराजाच्या रूपकांचा, म्हणजे चांदीच्या नाण्यांचा उल्लेख आहे. म्हणजे राजा जाऊन सव्वाशेहून जास्त वर्षं झाली तरी त्याच्या नाण्यावर या भागात व्यवहार चालू होता. तुमच्या नाण्यावरची झीज ही त्या सव्वाशे वर्षांतल्या बोटांची, कमरेला बांधलेल्या पिशव्यांची असू शकते. ती मोजता येते. वजनातली घट, उंचवट्यांची गुळगुळीत झालेली कड, यांवरून नाणं किती फिरलं याचा अंदाज बांधतात. त्याच नाण्याला आता पॉलिश लावलं, तर आठव्या शतकातल्या वाण्याने केलेली झीज कोणती आणि तुम्ही गेल्या रविवारी केलेली कोणती, हे कोणालाही वेगळं काढता येणार नाही.

म्हणून मी लोकांना सांगतो की नाण्यावर जे दिसतं ते सगळं एक नव्हे. साधी माती वेगळी, तिच्याखाली बसलेला कठीण पुटाचा थर वेगळा, त्याखाली धातूचाच बदललेला तांबूस, तपकिरी किंवा गडद हिरवा पापुद्रा वेगळा. या शेवटच्याला सगळे पॅटिना म्हणतात. तांब्याच्या जुन्या नाण्याचा मूळ पृष्ठभाग, म्हणजे ठसा बसला तेव्हाची पातळी, बऱ्याचदा या पॅटिनातच असते. खालचा चकचकीत धातू हा नाण्याचा "खरा" चेहरा नसून सोललेलं मांस आहे. आंब्याची साल काढून "आता खरा आंबा दिसला" म्हणण्यासारखं ते. तुमची चिंच ही टार्टरिक आम्ल आहे, लिंबू सायट्रिक. दोन्ही हा पापुद्रा विरघळवतात. म्हणून तुमचं नाणं गुलाबी-नारिंगी दिसतंय. तांबटाच्या दुकानातल्या नव्या तांब्यासारखं. जुनं तांबं असं कधीच दिसत नाही, आणि जाणकार माणूस पाच हातांवरून ते ओळखतो.

लिंबाबरोबर मीठ घेतलं असेल तर आणखी वाईट. ते का, ते खाली येईलच.

एक प्रसंग सांगतो. आठ-नऊ वर्षांपूर्वी एक संग्राहक पाच तांब्याच्या नाण्यांचा एकमेकांना चिकटलेला गोळा घेऊन आले. पाचही नाणी सुटी करून हवी होती, कारण सुटी विकली की पाचांचे पैसे मिळतात. मी गोळा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि एका बाजूच्या हिरव्या थरात जाळी दिसली. आडवे-उभे धागे. कापड केव्हाच कुजून गेलेलं, पण तांब्याच्या क्षारांनी धाग्याधाग्याची जागा घेतली होती, अगदी पीळ कुठल्या दिशेने दिलाय तोही दिसत होता. कोणीतरी ही नाणी धोतराच्या किंवा लुगड्याच्या सोग्यात बांधली होती. पांडवलेण्यांत दहाव्या लेण्यातल्या लेखात नहपानाचा जावई उषवदात याने नाशिकजवळच्या गोवर्धनच्या कोष्ट्यांच्या श्रेणीकडे, म्हणजे संघाकडे, २,००० कार्षापण नाणी ठेव म्हणून ठेवली आणि त्याच्या व्याजातून भिक्षूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी पैसे दिले, असं कोरलेलं आहे. म्हणजे नाशिकच्या विणकरांचा लेखी पुरावा आहे, पण त्या काळचं कापड कुठे आहे? असंच, नाण्यावरच्या गंजात. मी त्या गृहस्थांना म्हटलं, तीन सुटी करून देतो, कापडाच्या बाजूची दोन तशीच ठेवा. मोठ्या नाखुशीने ते कबूल झाले. माझे पैसे दिले, आणि पुन्हा कधी आले नाहीत. नंतर ती दोन त्यांनी स्वतःच कशात तरी बुडवून सोडवली, असं कानावर आलं.

यात चूक कुणाची, असं मला विचाराल तर कायद्याने कुणाचीच नाही. नाणी त्यांची होती. पण वाईट वाटतं ते याचं की त्या कापडाचा साधा फोटोही कुणाकडे उरला नाही. मी त्या दिवशी पाच-सहा काढले होते, तेवढेच. तेव्हापासून माझा एक नियम आहे. कुठलंही नाणं टेबलावर आलं की हात लावण्याआधी दोन्ही बाजू आणि काठ, मोजपट्टीसह फोटो. मग वजन. मग लिहून काढायचं, काय दिसतंय, काय करणार, का करणार. काम संपल्यावर पुन्हा फोटो, आणि हे कागद नाण्यासोबत मालकाला. पुढच्या पन्नास वर्षांत नाणं कुणाच्याही हातात गेलं तरी त्याला कळायला हवं की या नाण्यावर मी कुठे हात फिरवलाय.

हा नियम मला आधी सुचला नव्हता, याची लाज वाटणारा एक किस्सा आहे. सुरुवातीच्या वर्षांत एकाने मला सातवाहनांची शिशाची अकरा नाणी सांभाळायला दिली होती. मी नवीन प्लायवुडचं छान कपाट करून घेतलं होतं, खणांत लोकरीचं अस्तर, पुठ्ठ्याचे कप्पे. पावसाळ्यात खण बंद राहिले. दिवाळीनंतर उघडले तर नाण्यांवर पांढरी भुकटी. प्लायवुड आणि पुठ्ठ्यातून निघणारी आम्लाची वाफ शिशाला खाते, हे मला तेव्हा माहीतच नव्हतं. एका नाण्यावर हत्ती होता आणि वर अक्षरांची ओळ. हत्ती राहिला, ओळ गेली. आणि ती ओळ काय होती हे मालकाला सांगायला माझ्याकडे ना फोटो होता ना टिपण. त्यांनी एक शब्दही बोलून दाखवला नाही. तेच जास्त लागलं.

तुमची तीन जड करडी नाणी बहुधा शिशाची असावीत. त्यांना पाण्यात तर अजिबात बुडवू नका, डिस्टिल्ड पाण्यात तर मुळीच नाही, त्याने शिसं विरघळायला लागतं. उघड्या हाताने चोळू नका, हात लावलात तर साबणाने धुवा, ती भुकटी विषारी असते. लाकडी पेटीत, पुठ्ठ्यात ठेवू नका. पॉलिथिनच्या छोट्या पिशवीत, प्रत्येक वेगळं, आणि त्या पिशव्या घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात. एवढंच.

साफसफाई कधीच करू नये असं माझं म्हणणं नाही. एक रोग असा आहे की त्यात हात न लावणं हाच गुन्हा ठरतो. तांब्या-कांस्याच्या नाण्यावर फिकट हिरवे, पोपटी म्हणावेत असे ठिपके येतात, आणि ते टोकरले तर पिठासारखे सुटतात. जुनी हिरवी पॅटिना कठीण आणि गुळगुळीत असते, हे पीठ वेगळं. इंग्रजी जाणणारे त्याला ब्राँझ डिसीज म्हणतात, आमच्यातले जुने लोक "नाण्याला कीड लागली" म्हणतात. ती कीड वगैरे काही नसते. मातीतलं क्लोराइड धातूच्या आत क्युप्रस क्लोराइड होऊन बसलेलं असतं. त्याला ओल आणि हवा मिळाली की हिरवी पूड तयार होते, आणि सोबत हायड्रोक्लोरिक आम्ल सुटतं. ते आम्ल पुढचं तांबं खातं, त्यातून पुन्हा तेच क्लोराइड. चक्र थांबत नाही. नाणं आतून पोखरलं जातं. म्हणूनच वर मिठाचं म्हटलं. लिंबू-मिठाने घासणारा माणूस स्वतःच्या हाताने हे क्लोराइड त्या नाण्यात भरतो. आज चमक दिसते, दोन पावसाळ्यांनी पोपटी पीठ.

शंका असेल तर घरच्या घरी एक चाचणी करता येते. काचेच्या बरणीत तळाशी ओला कापूस, वर जाळीवर नाणं, झाकण घट्ट. पाणी नाण्याला लागता कामा नये. एक-दोन दिवसांत नवे पोपटी ठिपके उगवले तर रोग जिवंत आहे. मात्र संशय येईल त्याच नाण्यावर ही चाचणी करा, सगळ्यांवर नको.

रोग निघाला तर नाणं इतरांपासून दूर कोरड्या डब्यात ठेवा आणि कामाच्या माणसाकडे न्या. तो आधी पीठ कोरडंच टोकरून काढेल, मग तांब्याचा गंज रोखणाऱ्या बेंझोट्रायाझोल या रसायनाच्या अल्कोहोलमधल्या द्रावणात बुडवेल, मग लागलंच तर अॅक्रिलिक रेझिनचा पातळ थर देईल, जो पुढे कधीही अॅसिटोनने काढता येतो. बेंझोट्रायाझोल अंगावर किंवा श्वासात जाणं बरं नाही, त्यामुळे हे स्वयंपाकघरात करायचं काम नव्हे. वॉशिंग सोड्याच्या जातीची द्रावणंही वापरतात, महिनोन् महिने. त्यांनी क्लोराइड निघतं, पण पॅटिनाचा रंगही कधीकधी बदलतो. मी शक्य तिथे टाळतो. माझे काही सहकारी माझ्याशी यावर भांडतात, आणि प्रत्येक वेळी मीच बरोबर असतो असंही नाही.

बाकी माझं बरंचसं काम कंटाळवाणं असतं. सूक्ष्मदर्शकाखाली बाभळीच्या काट्याने एकेक कण सोडवणं. सुई वापरली तर ओरखडा पडतो, काटा तांब्यापेक्षा मऊ असतो, तो स्वतः झिजतो. एका अक्षरासाठी दुपार जाते. मातीत रुतलेलं अक्षर वाचता आलं तर नाणं कुणाचं हे ठरतं, तिथे तो वेळ द्यायलाच हवा. पण अक्षर वाचून झालं की थांबायचं. उरलेली माती छान दिसत नाही म्हणून काढायची नाही. मालक फोनवर विचारतात, "झालं का स्वच्छ?" मी म्हणतो, "वाचलं." बऱ्याच जणांना हे उत्तर आवडत नाही.

चांदीचं थोडं वेगळं आहे. चांदी काळी पडते ती हवेतल्या गंधकाने, आणि तो काळेपणा धातूला फारसं खात नाही. उलट वर सांगितलं तसं अक्षरं वाचायला मदत करतो. अॅल्युमिनिअम फॉईल, सोडा आणि गरम पाणी हा उपाय सगळीकडे फिरतो. त्याने काळेपणा जातो, खरं आहे, पण पृष्ठभाग मेलेला, चुन्यासारखा पांढरट होतो. जमिनीत शतकानुशतकं राहिलेली चांदी आतून ठिसूळही झालेली असते. एकाने अशी आहत, म्हणजे ठसे ठोकून केलेली प्राचीन नाणी सोड्यातून काढून कापडाने पुसायला घेतली, त्यातलं एक बोटांत दोन तुकडे होऊन निघालं. चांदीच्या नाण्यावर हिरवं दिसलं तर घाबरू नका. ते चांदीत मिसळलेलं तांबं बाहेर आलेलं असतं.

आता बाजाराबद्दल, कारण खरी नीतीची बाब तिथेच येते. घासलेलं नाणं विकणं हा गुन्हा नाही, पण घासलंय हे न सांगता विकणं ही फसवणूक आहे. त्याच्या पुढची पायरी म्हणजे पुसट अक्षरं कोरणीने "उठवून" घेणं. हे काम करणारे कारागीर आहेत, हात कमालीचा सफाईदार, आणि त्याचीच भीती वाटते. कारण ज्याला ब्राह्मी येत नाही तो कोरणारा अक्षराच्या जागी दुसरंच अक्षर करतो, आणि उद्या एखादा पोरगा त्यावरून नवा राजा शोधून काढतो. मला दोनदा असं काम विचारलं गेलं. "थोडंसं सातकर्णीचं स ठळक करा, बस." मी नाही म्हटलं. त्यातलं एक नाणं वर्षभराने ठळक स सकट दुसऱ्याच माणसाच्या अल्बममध्ये पाहिलं. घासलेल्या तांब्याला गंधकाच्या द्रावणाने पुन्हा काळं करून "मूळ पॅटिना" म्हणून विकतात, तेही रोजचंच. तुमचं चिंचेचं नाणं कोणी "काळं करून देतो" म्हणाला तर नाही म्हणा.

कायद्याचं थोडक्यात. घरात वारशाने आलेली नाणी तुमची. मात्र शंभर वर्षांवरचं नाणं १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येतं, ते परदेशी पाठवता येत नाही. शेतात नांगरताना, पाया खणताना सापडलं तर गोष्ट वेगळी. १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचा ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. लपवलं तर हिस्साही जातो आणि तुरुंगवासाची तरतूदही आहे. आणि कळवण्याआधी ते मडकं रिकामं करून नाणी धुवायची नाहीत. मडकं, त्यातली माती, नाण्यांचा क्रम, सगळं तसंच. जोगलटेंभीच्या साठ्याबद्दल आज आपण आकडे सांगू शकतो ते तो एकत्र राहिला आणि नाणं नाणं तपासलं गेलं म्हणून.

आता आईचा प्रश्न. तो मला सगळ्यात अवघड वाटतो, आणि त्याला मी हसत नाही. माझ्या आईनेही आयुष्यभर हेच केलं. आमच्याकडे पंचम जॉर्जचे चार रुपये आहेत, दर लक्ष्मीपूजनाला पंचामृतात न्हाऊन निघतात, चिंचेने उजळतात, कुंकू लागतं. राजाचा चेहरा आता बटाट्यासारखा झालाय. मी ते कधी थांबवलं नाही. असे रुपये लाखोंनी आहेत, आणि आमच्या त्या चारांचा इतिहास म्हणजे ती पूजाच. पण तुमच्या डब्यातलं ते नंदीचं नाणं तसं नाही. दह्यातलं आम्ल आणि कुंकवातला खार त्याला सोसणार नाहीत. आईंना सांगा, अभिषेकाला एक आताचं चांदीचं नाणं घ्या. आजोबांची नाणी काचेच्या झाकणाच्या डबीत पाटावर मांडा, काचेवर हळद-कुंकू वाहा. काळी आहेत म्हणून अपवित्र नाहीत. आपण काळ्या रामाचं दर्शन घेऊन येणारी माणसं, आपल्याला काळ्या रंगाचं काय? माझ्या आईला हे पटलं होतं. कुरकुरत का होईना.

ठेवायचं कसं, तर नाशकाची हवा उन्हाळ्यात नाण्यांना बरी, जुलै-ऑगस्टमध्ये वैरी. त्र्यंबककडून पावसाची ओल आली की कपाटातली आर्द्रता सहज वर जाते. तांब्याची नाणी ४० टक्क्यांखालच्या आर्द्रतेत राहिली तर रोग शांत राहतो. घट्ट डब्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि चार-पाचशे रुपयांचं छोटं आर्द्रतामापक ठेवलं की काम होतं. जेलचा रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर तापवून पुन्हा वापरा. मऊ, वास येणारे प्लास्टिकचे कप्पे टाळा, ते पीव्हीसी असतं. त्यातून तेलकट हिरवा चिकटपणा सुटतो आणि नाण्याला खातो. मायलरचे कडक, वास नसलेले कप्पे घ्या. रबरबँड नको. वर्तमानपत्राचा कागद नको. नाणं नेहमी काठाने धरा, खाली मऊ कापड असू द्या, म्हणजे निसटलं तरी फरशीवर पडणार नाही.

चिंच लागलेल्या नाण्याचं आता हे करा. नळाच्या नव्हे, डिस्टिल्ड पाण्यात चार-पाच वेळा पाणी बदलून धुवा, आम्लाचा अंश राहायला नको. शुद्ध अॅसिटोनमध्ये एकदा बुडवून काढा, नेलपॉलिश रिमूव्हर नको, खिडकी उघडी आणि गॅस बंद. वाळलं की वेगळ्या डबीत सिलिका जेलसोबत. वर्षभर महिन्याला एकदा भिंगाने बघा. पोपटी ठिपका दिसला तर घेऊन या. रंग हळूहळू स्वतःहून गडद होईल, पंधरा-वीस वर्षं लागतील. सोबत एक चिठ्ठी ठेवा, "चिंचेने घासलेलं", तारखेसकट. लाज वाटण्याचं काही नाही.

आणि पुड्या. नंदीच्या नाण्याची पुडी कुठली हे आठवतंय का? नाणी पुड्यांबाहेर काढून एकत्र ठेवली असतील तर अजून वेळ गेलेली नाही, कागदावर नाण्याच्या कडेचा हिरवा किंवा काळा डाग उमटलेला असतो, त्या डागाचा घेर जुळवून बरीचशी जोडी लागते. प्रत्येक पुडी उलगडून, मोडी दिसेल असा फोटो काढा. शाळामास्तर माणूस पुडीवर किंमत लिहीत नाही, बहुधा गाव लिहिलेलं असेल, कुणी दिलं त्याचं नाव, एखादं साल. नाशकात मोडी वाचणारे बरेच आहेत, आणि अंजनेरीला नाणेशास्त्राची संस्था १९८० पासून याच कामासाठी आहे, तिथलं संग्रहालयही बघून या. पुड्या आणि नाणी एकत्र घेऊन जा. एका पुडीवर "देवळाणे" निघालं तर आधी मला कळवा, मग आईंना.